उलट्या ताटाची थंडी

या बघू, अशा जवळ या. दारात उभं राहून काय वाचताय? आणि मघाशी मी विचारलं, "आज रात्री जेवायला काय केलंत?" तर तुम्ही म्हणालात, "काही नाही हो, साधंच." हे काही बरं नाही. साधंच म्हणजे काय? मुगाची खिचडी साधीच आणि पिठलंही साधंच. पण खिचडी झाली त्या घरात कुणाचं तरी पोट बिघडलेलं असतं, आणि पिठलं झालं त्या घरातलं कुणी भाजी आणायला गेलेलं नसतं. का गेलेलं नसतं, तो पुढचा प्रश्न. 'साधंच' म्हणणाऱ्या बाईवर माझा कधीच विश्वास बसला नाही. काहीतरी झाकायचं असल्याशिवाय बाई आपल्या स्वयंपाकावर असलं झाकण ठेवत नाही.

हे आज डोक्यात यायचं कारण म्हणजे मटार. मटार, आणि काल संध्याकाळी आलेला एक फोटो. फोटोचं मागाहून सांगते.

सकाळी मंडईत गेले होते. थंडी पडली की मंडईचा वासच बदलतो. ओल्या गोणपाटाचा, पातीच्या लसणाचा, हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याचा आंबूस वास. पावटे आले होते, लाल गाजरं आली होती, आणि मटारचे तर ढीगच्या ढीग. मी एक शेंग घेतली, दोन बोटांत दाबली. टचकन फुटली. दाणे तोंडात टाकले, गोड निघाले. दुसरी शेंग उचलली तशी भाजीवाली म्हणाली, "मावशी, चव बघा, जेवण नका करू." मला हसू आलं, आणि हसता हसता गेल्या वर्षीची सगळी थंडी त्या दाण्यांच्या चवीबरोबर वर आली.

गेल्या थंडीत मी रोज संध्याकाळी चार ताटं तपासत होते. माझ्या ओट्याजवळ उभी राहून, फोनवर.

मुग्धानं, म्हणजे माझ्या मुलीनं, मला ग्रुप काढून दिला होता. नाव मी ठेवलं, 'आज ताटात काय'. माणसं चारच. मी, मुग्धा, समोरच्या फ्लॅटमधल्या शमीमभाभी आणि माझी धाकटी बहीण उषा. नियम असा की संध्याकाळी घरात जे शिजलं असेल त्याचा, जेवायला बसायच्या आधी, एक फोटो टाकायचा. पाहुण्यांसाठी केलेलं चालणार नाही, सणाचं चालणार नाही, फोटोसाठी वरून भुरभुरलेली कोथिंबीर तर मुळीच चालणार नाही. रोजचं हवं. सगळ्यांना वाटलं, म्हातारीला नवा नाद लागला. आमचे हे पेपरातून मान वर न करता म्हणाले, "पुण्यात पोलिसांना माणसं कमी पडतायत वाटतं."

ह्यांना काय माहीत! कारण होतं उषा.

उषाचे यजमान गेले आणि ती वारज्याच्या फ्लॅटमध्ये एकटी राहिली. मूलबाळ नाही. माझ्याकडे ये म्हटलं तर "बघू" म्हणायची, आणि आमच्या घरात 'बघू'चा अर्थ 'नाही' असा आहे. फोन केला, "जेवलीस का?" की "जेवले." "काय केलंस?" की "साधंच." मग एकदा मी तिच्याकडे गेले असताना पाणी घ्यायच्या निमित्तानं तिचा फ्रिज उघडला. दुधाची पिशवी, सुकलेलं अर्धं लिंबू आणि औषधं. गॅसच्या शेगडीवर धूळ. स्वयंपाकघरातल्या शेगडीवर धूळ बसलेली मी जन्मात पाहिली नव्हती. ज्या बाईनं सबंध संसार नवऱ्याच्या वेळा सांभाळत चूल पेटती ठेवली, ती दुधात पाव बुडवून दिवस काढत होती, आणि मला फोनवर 'जेवले' म्हणून सांगत होती. तेव्हाच ठरवलं. आता सांगण्यावर जायचं नाही, बघायचं.

तर रोज दिवेलागणीनंतर फोटो यायला लागले. ती थंडी मला आठवते ती अशीच, ताटाताटांनी. शमीमभाभींकडचा मटार-खिमा, वाफेनं अर्धा पुसलेला. त्यांच्या घरात माणसं भरपूर, मोठं कपड्यांचं दुकान, येणारं-जाणारं फार. पण ज्या दिवशी दमायच्या त्या दिवशी नुसती मुगाची डाळ आणि भात, खाली लिहिलेलं, "आज एवढंच. कुणी नाक मुरडलं तर स्वतः करा." मुग्धा हिंजवडीला. तिचा फोटो म्हणजे लॅपटॉपवर ठेवलेला कागदी डबा. मी विचारायची, "ताट कुठाय?" ती म्हणायची, "आई, डबाच ताट आहे. इट काउंट्स." एकदा कंपनीच्या बसमधून वेफर्सचा पुडा पाठवला, "डिनर इन ट्रॅफिक." माझ्याकडे मटारची उसळ, पोळी, ताक. ओल्या लसणाची चटणी. बाजरीची भाकरी झाली तर लोण्याचा गोळा, तोही ह्यांच्या वाटीतून अर्धा काढून घेतलेला.

आणि उषाकडचं? पहिल्यांदा वरण-भात. दुसऱ्यांदा वरण-भात. मला संशय आला, एकच फोटो फिरवतेय की काय? मी परीक्षा घ्यायला लागले. "उद्या पावट्याची उसळ कर ग." दुसऱ्या दिवशी पावटे दिसले. "मेथी बरी आलीय." मेथी दिसली. म्हणजे फोटो ताजे होते. माझ्या जिवात जीव आला.

पण माझा जीव एका जागी फार वेळ बसत नाही. हळूहळू ताट सुधारायला लागलं. कोशिंबीर आली. चटणी आली. एक दिवस आमटीवर लाल तर्री दिसली. लसणाची असणार, रंगावरूनच कळतं. उषाच्या यजमानांना लसूण खपत नसे, त्या घरात लसूण कधी आतच आला नव्हता. मग घेवडा आला, आणि तो पाहून तर मी चष्मा पुसला. आमच्याकडे घेवडा हातानं मोडतात. शिरा काढायच्या आणि मोडायचा, आईनं दोघींना तसंच शिकवलेलं. या फोटोतला घेवडा सुरीनं, बारीक, एकसारखा चिरलेला. तुम्ही म्हणाल, त्यात काय? अहो, बाई नवरा गेल्यावर टिकली लावायची सोडते, गजरा सोडते, पण घेवडा मोडायची सवय सोडत नाही.

आणि मग ते मीठ.

आमच्या वाढण्यात मीठ ताटाच्या वरच्या कडेला, मधोमध. डाव्या हाताला चटणी, कोशिंबीर, उजव्या हाताला भाजी, आमटी. जेवणाऱ्याचा उजवा हात जिकडे जातो तिकडे मुख्य जिन्नस. हे आम्हाला अक्षरांच्या आधी आलं. आणि उषाच्या फोटोत मीठ खाली. भाजी डावीकडे, चटणी उजवीकडे. सगळं उलटं. एक दिवस झालं असतं तर घाईत झालं म्हटलं असतं. रोजच तसं.

आता हसू येतं, पण तेव्हा मी घाबरले होते. कारण आमच्या आईचं शेवटचं असंच सुरू झालं. ती मीठ विसरली नव्हती, मिठाची जागा विसरली होती. आधी ताट चुकायला लागलं, मग वार, मग आमची नावं. उषा आणि मी आळीपाळीनं तिच्या उशाशी बसलेल्या. त्यामुळे ते उलटं ताट बघितलं की मला उषाच्या चेहऱ्यावर आईचे ते रिकामे डोळे दिसायचे. फोनवर मी तिला काहीबाही विचारायची. "आपल्या जुन्या घरमालकांचं नाव काय ग?" ती चटकन सांगायची, आणि वर म्हणायची, "तू विसरलीस का ताई? डॉक्टरांना दाखव." म्हणजे उलट मलाच!

एका संध्याकाळी फोटोतल्या ताटाच्या कडेवर नाव कोरलेलं दिसलं. स्टीलच्या भांड्यावर देणाऱ्याचं नाहीतर घेणाऱ्याचं नाव असतंच. पण अक्षरं उलटी. वाचायला मी फोन फिरवला तर मेला फोटोही फिरला. परत फिरवला, परत फिरला. शेवटी मीच मान वाकडी केली, तर मानेत चमक भरली. तशाच अवस्थेत शमीमभाभी वाटीभर खीर घेऊन आल्या.

"काय नलूताई, नमाज शिकताय की काय?"

मी सांगितलं. त्यांनी फोटो बघितला. त्यांना ताटात काही वावगं दिसेना. "आमच्याकडं दस्तरखान पसरला की सगळे गोल बसतात. ताटाला डोकं कुठं नि पाय कुठं, कोण विचारतो?" मग म्हणाल्या, "आणि फोन कशाला फिरवताय? तो तुमच्यापेक्षा हुशार आहे. त्याला टेबलावर झोपवा, तुम्ही फिरा."

मी फोन जेवायच्या टेबलावर आडवा ठेवला आणि वळसा घालून पलीकडे गेले.

पलीकडून सगळं जागेवर होतं. मीठ वर, भाजी उजवीकडे. नाव स्पष्ट, 'सौ. सुमन'. आमच्या नात्यात सुमन कुणी नाही. पण मला नावाचं तितकं वाटलं नाही. मी जिथं उभी होते ती जागा जेवणाऱ्याची होती. ताट अगदी बरोबर वाढलेलं होतं. फोटो काढणारा मात्र समोरच्या बाजूला, वाढणाऱ्याच्या जागी उभा होता.

"भाभी," मी म्हटलं, "तिथं कुणीतरी आहे."

"कुणीतरी जेवतंय," त्या म्हणाल्या, "का कुणीतरी वाढतंय?"

मुग्धाला फोन केला तर ती म्हणाली, "आई, प्लीज. इट्स मावशीज लाईफ. प्रायव्हसी नावाची गोष्ट असते." असते ना. पण एकट्या बाईच्या घरी कुणीतरी शिरलंय, लसूण घालून आमटी करतंय, घेवडा चिरतंय, यात मी प्रायव्हसी कुठं शोधू? उषाच्या नावावर फ्लॅट. जग कसलं आहे ते मुग्धाला काय माहीत, ती तर कागदी डब्यात जेवते.

दुसऱ्या दिवशी दुपार कलताना पिशवीभर मटार घेतले, म्हणजे जायला निमित्त, आणि स्वारगेटला बस धरली. वाटभर मी मनात बोलत होते. कोण असेल? स्वयंपाकाची बाई ठेवली असेल तर लपवायचं कारण काय? दूरचा भाचा? तो तर स्वतःचा चहा करत नाही. पोहोचले तेव्हा दिवे लागले होते. उषाच्या दाराला कुलूप. मी ते ओढून पाहिलं. आणि समोरच्या फ्लॅटचं दार अर्धं उघडं. त्यातून लसणाच्या फोडणीचा वास येत होता, आणि हसण्याचा आवाज.

उषाचं हसणं नाकातून सुरू होतं. आधी फुस्स, मग खळखळ. ते मी विसरून गेले होते. त्या दारात, हातात मटारची पिशवी धरून, मी ते ऐकत उभी राहिले. आतून ती म्हणत होती, "अहो पुरे! पोट आहे की पोतं?"

आणि एक पुरुषाचा आवाज, "अर्धी घ्या. उरलेली अर्धी मी खाल्ली असं समजा."

मी बेल दाबली. एका उंच, पांढऱ्या केसांच्या गृहस्थांनी दार उघडलं. हातात चिमटा. "या. नलूताई ना? फोटोत बघितलंय. चपला आत काढा, बाहेरच्या चपला परत दिसतीलच असं नाही."

"आपण?"

"कांबळे. तवा तापलाय, तेव्हा बाकीची चौकशी आत येऊन करा."

आत भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याशेजारी एका हसऱ्या बाईंचा फोटो. सुमन त्याच असणार. आणि टेबलाशी उषा बसलेली. समोर ताट, मीठ वर, भाजी उजवीकडे, आणि ताटात टम्म फुगलेला फुलका, अजून वाफ सोडणारा. मला बघून ती ताडकन उठली, चोरून साखर खाताना सापडावी तशी.

"ताई! कळवायचंस ना."

"कळवलं असतं तर आज फोटोत ताट सुलट आलं असतं."

कांबळे सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. बायको बरीच वर्षं अंथरुणाला खिळून होती. स्वयंपाक ते तेव्हा शिकले. ती गेली आणि पंचाईत झाली. "एकट्यापुरती आमटी होत नाही हो," ते तव्याकडे बघतच म्हणाले. "पाणी कमी घालावं तर करपते, जास्त घालावं तर दोघांची होते."

"आणि उषा?"

"यांच्या दारातून फोडणीचा वास येईना. समोरासमोर घरं, मला सगळं कळतं. विचारलं की म्हणायच्या, जेवले. मी म्हटलं, वास नाही आला. मला संशय आला. वाटी घेऊन गेलो."

म्हणजे मी तिकडे शहराच्या दुसऱ्या टोकाला बसून संशय घेत होते आणि हा माणूस इथं दारासमोर बसून तोच संशय घेत होता.

मी उषाकडे वळले. "मला का नाही सांगितलंस?"

तिनं ताट उगाचच थोडं सरकवलं. मला वाटलं, पुरुष माणूस म्हणून संकोच असेल. तसा नव्हता. म्हणाली, "काय सांगणार होते ग? की मी उठत नाही, बसून खाते? कुणीतरी तव्यावरची पोळी आणून वाढतं आणि मी जेवते? लाज वाटते ताई." मग हळूच, "मीठ कुठं ठेवायचं ते एकदाच सांगितलं होतं मी. अजून चुकले नाहीत. फोटोही तेच काढतात. म्हणतात, तुमची गार होईल, तुम्ही सुरू करा."

तेवढ्यात माझ्यापुढे ताट आलं. विचारलं नाही, सांगितलं नाही, समोर आलं. फुलक्याला हात लावला तर चटका बसला. आणि मला आठवेना, याआधी फुलक्याचा चटका मला ताटात कधी बसला होता. तव्यावर रोज बसतो. ह्यांचं होईपर्यंत मी उभी, मग उरलेल्या, दुरडीत एकमेकींवर निजलेल्या पोळ्या माझ्या. त्याचं कधी वाईट वाटलं नाही. वाटायला बसायला लागतं ना आधी.

जेवले. घेवडा चिरलेला असूनही वाईट नव्हता. एवढंच म्हणेन.

पण माझी शंका काही फिटली नाही. माणूस इतका बरा कसा असेल? शेवटी विचारलंच, "तुम्ही कधी जेवता हो?"

"यांचं झालं की. सुमनला भरवून मग जेवायचो, तीच सवय."

"रोज सांगते, बरोबर बसा म्हणून," उषा म्हणाली. "ऐकतील तर शपथ."

त्या संध्याकाळी ग्रुपवर फोटो गेला तो दोन ताटांचा, मीठ खालच्या बाजूला. मुग्धानं लिहिलं, "हू क्लिक्ड धिस??" शमीमभाभींनी नुसता डोळा मारणारा चेहरा पाठवला.

नंतरची सगळी थंडी मी उलटं ताट बघत काढली. गंमत बघा, ज्या मिठाच्या जागेनं मला घाबरवलं होतं तेच मीठ खाली दिसलं की मला हायसं वाटायचं. उन्हाळ्यात कैरीची डाळ खाली-वर, पावसाळ्यात अळू खाली-वर. मी ह्यांना म्हणायची, "आज उलटं आहे, सगळं ठीक आहे." हे म्हणायचे, "तुझं डोकंही तसंच आहे, मी तक्रार केली का?"

आता कालचा फोटो.

काल उषाचं ताट सुलट आलं. मीठ वर, भाजी उजवीकडे, अगदी आईनं वाढावं तसं. खरं सांगायचं तर गेले काही दिवस सुलटच येतंय, मी मनाला समजावत होते. आमटीवर तर्री नाही. घेवडा हातानं मोडलेला. ताटाच्या कडेला नावच नाही. मी लगेच फोन लावला. "कांबळे कुठायत?" "असतील घरी." "भांडलात?" "छे." "मग काय केलंस जेवायला?" आणि ती म्हणाली, "साधंच."

बराच वेळ उलटसुलट विचारल्यावर बाहेर आलं. तिची जाऊ येऊन गेली होती. दार अर्धं उघडं बघितलं, वास घेतला, आणि जाता जाता म्हणाली, "या वयात हे शोभतं का? आणि तेही त्यांच्याकडे?" त्यांच्याकडे म्हणजे काय, ते तिनं उलगडून सांगितलं नाही. सांगायला लागतच नाही आपल्यात, ओठ जरासे मुडपले की पुरे. उषानं दुसऱ्या दिवसापासून समोर जाणं सोडलं. कांबळ्यांनी दोनदा वाटी आणली, तिनं दारातूनच "जेवले" म्हणून सांगितलं. आता ते समोरच्या घरी दोघांची आमटी करून एकटे बसत असतील, आणि ही इकडे शेगडीवर धूळ कधी बसते त्याची वाट बघतेय.

उषे, हे तू वाचशीलच. शमीमभाभी तुला पाठवल्याशिवाय राहायच्या नाहीत. तर ऐक. मटार आणलेत, पावटेही आणलेत. जेवायला ये. एकटी आलीस तर मी दार उघडणार नाही, कांबळ्यांना घेऊन ये. लोक काय म्हणतील ते मी बघते, माझ्याइतकी संशयी बाई या गावात दुसरी नाही, माझं समाधान झालंय म्हणजे जावेचंही व्हायला हरकत नाही. तिलाही बोलवेन म्हणते. या वेळी तव्याशी मी. पहिला फुलका कांबळ्यांना, आणि ते गरम खातात की नाही ते मी समोर उभी राहून बघणार. पूर्ण विश्वास अजून नाहीच, माणूस एका जेवणात कळत नाही, म्हणून तर परत परत यायला हवं. फोटो मीच काढणार, वाढणाऱ्याच्या बाजूनं. ग्रुपवर मीठ खालीच दिसेल. ज्याला ते उलटं वाटेल त्यानं टेबलाला वळसा घालून पलीकडे जेवायला बसावं.

'बघू' म्हणू नकोस. मटाराचे गोड दिवस थोडे असतात, पुढं दाणे पिठूळ होतात. मी सोलायला बसलेय. दोघं या, लवकर या.